तुटलेला दोर कुणी जोडला?

(युवा शिबिरात ‘व्हेल रायडर’ हा चित्रपट दाखवल्यानंतर झालेल्या भाषणाचं शब्दांकन)



दिवे लागले तेव्हा तुमच्यापैकी काहीजणी डोळे पुसत होत्या आणि मागच्या रांगेतले काहीजण मोबाइलमध्ये बघत असल्याचं नाटक करत होते. मी हा चित्रपट आज चौथ्यांदा पाहिला आणि माझीही अवस्था फार वेगळी नव्हती, तेव्हा लाजायचं काही कारण नाही.

मी चित्रपटाचा अभ्यासक नाही. इंजिनिअरिंग केलं, पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो. पण चित्रपट दाखवून थोडं बोल असं मला सांगितलं गेलं, तेव्हा दुसरं नाव डोक्यात आलंच नाही. आपल्या घरांत परंपरा, मुलगी आणि म्हातारी माणसं या तीन विषयांवर जेवढी भांडणं होतात, तेवढी बहुधा पैशावरूनही होत नसतील. ती तिन्ही भांडणं या दीड-पावणेदोन तासांत एकत्र आली आहेत, आणि तीही आपल्यापासून हजारो मैल दूर, न्यूझीलंडच्या एका किनाऱ्यावर. दूरचं असलं की जरा शांतपणे बघता येतं.

जे उशिरा आले त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात सांगतो. फांगारा हे न्यूझीलंडच्या पूर्व किनाऱ्यावरचं माओरी लोकांचं गाव. गाव खरं आहे, आणि बरंचसं चित्रीकरणही तिथेच झालं. गावाची श्रद्धा अशी की त्यांचा पूर्वज पाइकेआ देवमाशाच्या पाठीवर बसून तिथे आला. त्याच्या वंशातल्या थोरल्या मुलाकडे प्रमुखपद जातं. चित्रपटाच्या सुरुवातीला जुळी जन्मतात. मुलगा जातो, आई जाते, मुलगी राहते. आजोबा कोरो वारस शोधत असतात, आणि हातात येते नात. बाप दुःखाने देश सोडून जर्मनीला जातो. पण जाण्याआधी, आजोबांच्या मनाविरुद्ध, मुलीला पूर्वजाचंच नाव देतो: पाइकेआ. घरात तिला पाई म्हणतात. बारा वर्षांनंतर आजोबा गावातली थोरली मुलं जमवून शाळा काढतात, त्यातून नवा प्रमुख शोधायला. पाईला त्या शाळेत जागा नाही.

हा चित्रपट २००२ साली आला. दिग्दर्शन निकी कॅरो यांचं. तो विटी इहिमाएरा या माओरी लेखकाच्या १९८७ च्या कादंबरीवर आधारलेला आहे. पाईचं काम करणाऱ्या केइशा कॅसल-ह्यूजने त्याआधी एकाही चित्रपटात काम केलेलं नव्हतं. या कामासाठी तिला तेराव्या वर्षी ऑस्करचं नामांकन मिळालं. सर्वोत्तम अभिनेत्रीच्या गटात तोवर एवढ्या लहान कुणाला ते मिळालेलं नव्हतं.

आता मी सगळा चित्रपट उलगडत बसणार नाही. मला एकाच प्रसंगापासून सुरुवात करायची आहे.

कोरो बोटीचं इंजिन दुरुस्त करत बसलेत. पाई विचारते, आपण कुठून आलो? ते हातातला दोर दाखवतात. नीट बघ, म्हणतात, हे सगळे पेड एकमेकांत पिळलेत. एकेक पेड म्हणजे आपला एकेक पूर्वज. एकत्र पिळलेत म्हणून दोर मजबूत. किती सुंदर शिकवण आहे! आणि पुढच्याच क्षणी ते इंजिन सुरू करायला जातात तर तो दोर तुटतो. वैतागून ते दुसरा दोर आणायला जातात. पाई तुटलेली टोकं घेते, एकत्र बांधते, झटका देते, इंजिन सुरू होतं. ती आनंदाने ओरडते. आणि आजोबा? परत असं करायचं नाही म्हणतात. धोक्याचं आहे म्हणतात.

माझ्या मते सगळा चित्रपट या दोन मिनिटांत आहे. ज्याने दोराचा अर्थ सांगितला, त्यालाच तो अर्थ डोळ्यांसमोर घडताना ओळखता आला नाही. चालू झालेलं इंजिन त्यांना दिसलं नाही, मुलीचा हात दिसला.

पण थांबा. कोरोंना लगेच खलनायक करू नका. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला त्यांचा फार राग आला होता. दुसऱ्यांदा पाहिल्यावर लक्षात आलं की या माणसाची भीती खरी आहे. माओरींच्या जमिनी गेल्या. शाळेत स्वतःची भाषा बोलली म्हणून मुलांना मार खावा लागला, अशा आठवणी सांगणारी एक सबंध पिढी तिथे आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर गावंच्या गावं कामाच्या शोधात शहरांकडे गेली. चित्रपटात किनाऱ्यावर एक अर्धवट कोरलेली मोठी होडी पडलेली दिसते. माओरी तिला वाका म्हणतात. पाईच्या बापाने ती सोडून दिली आहे. कोरो रोज ती होडी बघत असतील. आपल्यानंतर हे सगळं संपेल, या धास्तीने माणूस घट्ट होतो. आपल्याकडे म्हणतात ना, सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. कोरोंकडे उरलाय तो पीळच. तो सुटला तर हातात राख राहील, असं त्यांना वाटतं.

म्हणजे परंपरा टिकवावी हा त्यांचा आग्रह चुकीचा नाही. चूक दुसरीकडे आहे, आणि ती मला माझ्या धंद्यामुळे चटकन दिसली. आम्ही एखादी यंत्रणा उभारतो तेव्हा पहिला प्रश्न विचारतो: हा एक भाग बंद पडला तर सगळंच बंद पडेल का? उत्तर ‘हो’ असेल तर ती यंत्रणा कितीही देखणी असो, कच्ची आहे. कोरोंनी शेकडो वर्षांचं ज्ञान एकाच अटीवर टांगून ठेवलंय: थोरला, आणि मुलगा. तो मुलगा जन्मताच गेला, की यंत्रणा बंद. ते दोराबद्दल बोलतात, पण वागतात जणू दोराला एकच पेड आहे.

आता शाळेच्या पहिल्या दिवसाचा प्रसंग आठवा. मुलं पुढच्या बाकावर. पाई येऊन तिथेच बसते. आजोबा मागे जायला सांगतात. ती उठत नाही. शेवटी तिला बाहेर काढतात. या प्रसंगात एक गोष्ट सहज निसटते: पाई परंपरेच्या विरोधात काहीच बोलत नाही. ती घोषणा देत नाही, तुमचे नियम जुने झालेत असं म्हणत नाही. तिला तर ते सगळं शिकायचंय! पूर्वजांची कथा तिला पाठ आहे. काकाकडून ती ताइआहा नावाची लढाईची काठी चोरून शिकते आणि हेमी नावाच्या मुलाला हरवते. शाळेतल्या मुलांपैकी निम्म्यांचं लक्ष भलतीकडे आहे. ज्याला गरज नाही त्याच्या हातात काठी आणि जिला तहान आहे ती दाराबाहेर.

मुलगी बंड करते आणि परंपरा मोडते, असे चित्रपट आपण पुष्कळ पाहिलेत. इथे परंपरा तिच्याकडे आधीच आहे. आजोबा वारस गावभर शोधतायत आणि तो रोज त्यांच्याच सायकलवर बसून शाळेतून घरी येतोय.

मुलांचं काय होतं तेही बघा, कारण आपण ‘स्त्रियांचा प्रश्न’ म्हणतो आणि पुरुष मोकळे होतात. कोरो आपल्या गळ्यातला देवमाशाचा दात समुद्रात फेकतात. जो बुडी मारून आणेल तो प्रमुख. एकाही मुलाला तो सापडत नाही. ती पोरं खाली मान घालून होडीत परत येतात. त्यांचा काय गुन्हा? त्यांनी मागितलं होतं का हे? पाईचा बापही असाच. तो चांगला कलाकार आहे, पण वडिलांना हवा होता तो मुलगा त्याला होता आलं नाही, म्हणून तो पळाला. धाकटा काका राविरी, ज्याला काठी उत्तम येते, तो धाकटा म्हणून कुणी त्याच्याकडे बघितलंच नाही. तो पडून राहून दिवस काढतोय. पाईला शिकवायला लागतो तेव्हा त्याच्या अंगात जीव येतो. एका नियमाने किती माणसं वाया गेली, मोजा. मुलगी एक, मुलगे कितीतरी.

आता वयाकडे येतो. पडद्यावर दोन म्हातारपणं शेजारी शेजारी आहेत. एक कोरोंचं, दुसरं आजीचं, नॅनी फ्लॉवर्सचं. ही आजी मैत्रिणींबरोबर पत्ते खेळते, सिगारेट ओढते, आणि बारा वर्षांची नात येऊन त्या सगळ्यांना सिगारेटवरून झापते. तुम्ही सगळ्यात जास्त तिथे हसलात. आजी नवऱ्याशी चारचौघांत भांडत नाही. पण काका काठीत पटाईत होता हे पाईच्या कानावर घालते तीच. पुढे समुद्रातून तो दात पाईच आणते, तेव्हा आजी तो आपल्याजवळ ठेवते, लगेच नवऱ्याला देत नाही. म्हाताऱ्याची अजून तयारी झालेली नाही, हे तिला कळतं. कोरोंचं म्हातारपण घाईत आहे, वेळ संपत चाललाय म्हणून. आजीचं म्हातारपण वाट बघू शकतं.

मला ही आजी आवडते, पण तिच्याबद्दल एक तक्रारही आहे. तिची ही वाट बघण्याची किंमत पाई मोजत होती. घराघरांतल्या आज्या, आया असंच करतात: समोर काही बोलत नाहीत, मागून मुलीला हळूच मदत करतात. त्या मदतीचे उपकार आहेतच. पण कधीतरी समोर बोलावं लागतं. चित्रपटात आजी समोर बोलते तेव्हा फार उशीर झालेला असतो.

खऱ्या माओरी समाजात मात्र म्हाताऱ्या माणसांनी काय केलं ते सांगायलाच हवं. भाषा मरायला लागली तेव्हा १९७२ मध्ये ती शाळांत शिकवावी म्हणून तीस हजारांहून जास्त सह्यांचा अर्ज संसदेला दिला गेला. १९८२ पासून त्यांनी ‘कोहांगा रेओ’ सुरू केली, म्हणजे भाषेची घरटी. कल्पना साधी होती. आईबापांच्या पिढीला भाषा नीट येत नव्हती, आजीआजोबांना येत होती. मग अगदी लहान मुलांना त्यांच्याजवळ बसवायचं आणि दिवसभर माओरीतच बोलायचं. मधली तुटलेली पिढी ओलांडून दोर जोडला. १९८७ मध्ये माओरीला अधिकृत भाषेचा दर्जा मिळाला. त्या घरट्यांत मुलगा-मुलगी असा भेद करून चाललंच नसतं. आणि गंमत बघा, माओरी भाषेत ‘तो’ आणि ‘ती’ यांना एकच शब्द आहे: ‘इआ’.

तुम्ही विचाराल, मग ‘थोरला मुलगाच’ हा नियम खरंच एवढा प्राचीन आहे का? इथे गोष्ट रंगतदार होते. न्यूझीलंडमध्ये फाकाताने नावाचं शहर आहे. त्या नावाची कथा अशी: पूर्वजांची होडी किनाऱ्याला लागली, पुरुष खाली उतरले आणि होडी बायकांसकट समुद्रात वाहत जायला लागली. वल्ह्याला हात लावायची बायकांना मनाई. तेव्हा एक बाई उभी राहिली, आता मी पुरुषासारखं वागणार म्हणाली, वल्हं उचललं आणि सगळ्यांना वाचवलं. काही जण तिला वैराका म्हणतात, काही मुरिवाई. शहराच्या नावाचा अर्थच ‘पुरुषासारखं वागणं’. म्हणजे नियमही परंपरेत आहे आणि नियम मोडून जीव वाचवणारी बाईही परंपरेतच आहे. आपण कोणती गोष्ट मुलांना सांगतो, एवढाच प्रश्न.

पुढे या. १८४० मध्ये वैतांगीचा तह झाला. ब्रिटिश राजसत्ता आणि माओरी प्रमुख यांच्यातला. पाचशेहून अधिक प्रमुखांनी त्यावर सह्या केल्या, त्यांत किमान १३ स्त्रिया होत्या. आणखी काही स्त्रियांना सही करायची होती, पण काही ठिकाणी ब्रिटिश अधिकाऱ्यांनीच ती घ्यायला नकार दिला. ऐका नीट: नकार साहेबाचा होता. १८९३ मध्ये मेरी ते ताइ मांगाकाहिया ही पंचविशीतली बाई माओरींच्या स्वतःच्या संसदेसमोर उभी राहिली आणि स्त्रियांना मत द्यायचा, एवढंच नव्हे तर सभासद म्हणून बसायचाही हक्क मागितला. १९७५ मध्ये जमिनींच्या प्रश्नावर देशाच्या उत्तर टोकापासून राजधानी वेलिंग्टनपर्यंत मोर्चा निघाला, त्याचं नेतृत्व फीना कूपर यांनी केलं. त्यांचं वय तेव्हा ऐंशीच्या घरात होतं. आणि अगदी अलीकडे, २०२४ मध्ये, माओरी राजे तुहेइतिया वारले तेव्हा जमातींच्या प्रमुखांनी वारस म्हणून निवडलं त्यांच्या सत्तावीस वर्षांच्या मुलीला. तिला दोन मोठे भाऊ आहेत. ही राजगादी मानणाऱ्या जमाती वेगळ्या, फांगाराच्या लोकांची परंपरा वेगळी, हे खरं. पण ‘माओरी म्हणजे असंच’ असं एका वाक्यात म्हणता येत नाही, एवढं तरी यातून कळतं.

म्हणूनच या चित्रपटावर काही माओरी अभ्यासकांनी टीका केली. दिग्दर्शिका माओरी नाही. आमच्या पूर्व किनाऱ्यावर तर स्त्रियांच्या नेतृत्वाची मोठी परंपरा आहे, मग कोरो एवढे कठोर का दाखवले, असा त्यांचा सवाल. आणि आमची जमीन, आमची भाषा कुणी घेतली त्याचा उल्लेख कुठे आहे? बाहेरचा प्रेक्षक हा चित्रपट बघतो आणि निर्धास्त होतो: दोष त्यांच्या म्हाताऱ्यांचा आहे, आपला नाही.

हा पेच तुम्हाला ओळखीचा वाटत असेल. घरातली चूक बाहेर बोलली की बाहेरचे तिचा काठीसारखा वापर करतात. बोलली नाही तर घरातली मुलगी दाराबाहेरच बसते. माझं उत्तर असं: टीकाकारांचं म्हणणं मला पटतं, आणि तरीही पाईला बाहेर काढलं ते चूकच. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. बाहेरचे टपून बसलेत म्हणून पाईने अजून किती वर्षं थांबायचं? बाहेरच्यांशी भांडण मोठ्यांनी करावं. त्याचा खर्च बारा वर्षांच्या मुलीच्या खात्यात टाकू नये.

आता माझ्या घरचं एक सांगतो. अब्बांकडे एक कागद आहे, आमच्या खानदानाचा शजरा. माओरी लोक वंशावळीला ‘फाकापापा’ म्हणतात आणि ती तोंडपाठ करतात. आम्ही कागदावर लिहिली. सात पिढ्या, एकेचाळीस नावं. कागद जीर्ण झाला म्हणून मी तो संगणकावर घ्यायला बसलो. माझ्याच हाताने प्रोग्रॅम लिहिला: नाव, बापाचं नाव, आईचं नाव. आणि लक्षात आलं की आईचा रकाना एकेचाळीसच्या एकेचाळीस ठिकाणी रिकामा आहे. एवढी वर्षं तो कागद मी अभिमानाने दाखवत होतो. माझं नाव त्यात सगळ्यात खाली होतं. म्हणून मला काही खटकलंच नव्हतं.

मी फुफीकडे गेलो. ऐंशी ओलांडलेली आहे. तीन संध्याकाळी ती बोलत होती आणि मी लिहीत होतो. कोण कुठल्या गावातून सून होऊन आली, कोण बाळंतपणात गेली, कुणी बांगड्या मोडून पोराला शाळेत घातलं. चार पिढ्यांपर्यंतची नावं तिला येत होती. शेवटी तिने तो कागद बघायला मागितला. तिने तो आधी कधी पाहिलाच नव्हता, तो पुरुषांच्या पेटीत असायचा. चष्मा लावून, बोट फिरवत ती शेवटच्या ओळींपर्यंत आली. तिच्या दोन्ही भावांची नावं होती. ‘माझं लिहायचं राहिलं वाटतं,’ एवढंच म्हणाली.

त्यानंतर मी हा चित्रपट तिसऱ्यांदा पाहिला, आणि पाईपेक्षा जास्त मला मी दिसलो. पुढच्या बाकावर बसलेला.

शेवटाकडे येतो. शाळेच्या कार्यक्रमात पाई आजोबांसाठी भाषण करते. खुर्ची रिकामी. ती रडत रडत पूर्ण करते. त्यात ती सांगते, एकाच माणसाकडे ज्ञान देऊ नका, सगळ्यांना द्या, म्हणजे पुढारी पुष्कळ होतील. कोरोंना दोरातून जे कळायला हवं होतं ते हे. मग देवमासे किनाऱ्याला लागतात. सगळा गाव ढकलतो, ओढतो, काही होत नाही. पाई सगळ्यात मोठ्या माशाच्या पाठीवर बसते आणि तो समुद्रात परत जातो. ती मरता मरता वाचते. आजोबा तिच्या उशाशी बसून माफी मागतात. किनाऱ्यावरची ती अर्धवट होडी पूर्ण होऊन पाण्यात उतरते, तिच्यात आजोबा आणि नात शेजारी शेजारी बसलेले असतात.

शेवट सुंदर आहे. पण मला तो थोडा टोचतो, आणि तेवढं सांगून मी थांबतो. मुलाला काय करावं लागणार होतं? फक्त थोरला म्हणून जन्माला यायचं. मुलीला काय करावं लागलं? देवमाशावर बसून समुद्रात जावं लागलं. हे आपल्याकडे रोज चालतं. मुलाला पुढे शिकवायचं हे आधीच ठरलेलं असतं. मुलीने बोर्डात नंबर काढला तर बघू म्हणतात. जिचा नंबर येतो तिचा सत्कार होतो, फोटो छापून येतो, आपण टाळ्या वाजवतो. पंचावन्न टक्के मिळालेल्या मुलीचं काय? पंचावन्न टक्के मिळालेला तिचा भाऊ तर कॉलेजात जातो.

ज्या दिवशी साध्या, हुशार नसलेल्या, देवमाशावर न बसणाऱ्या मुलीला पुढच्या बाकावर जागा मिळेल, त्या दिवशी दोर खरा जोडला गेला असं मी म्हणेन.

आता चर्चा. एकच विनंती आहे. बोलण्याआधी प्रत्येकाने आपल्या आजीच्या आईचं नाव मनात आठवून बघा. ज्यांना आठवलं नाही, त्यांनी आज घरी गेल्यावर कुणाला विचारणार, तेवढं ठरवा. मी मागे जाऊन बसतो. पुढच्या रांगेतल्यांनीही जरा मागे या, आणि मागे बसलेल्या मुलींपासून सुरुवात करू.